चिनी वैद्यकांतील वेलदोडा

वेलदोडा ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. श्रीखंडांत, बासुंदींत, पुरणांत तो असतो. जेवणानंतरच्या विड्यांत असतो. आणि जीव मळमळूं लागला म्हणजे आजीबाईच्या बटव्यांतूनही तोच बाहेर येतो. इतका जुना सहवास असल्यामुळें त्याच्याविषयीं आपणांस एक प्रकारची मालकी वाटते. तो मलबारच्या डोंगरांत, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडे, रानांत आपोआप उगवणारा. तेव्हां जगांत जेथें जेथें वेलदोड्याचें नांव निघतें तेथें तेथें तो येथूनच गेला असला पाहिजे, असें आपण धरून चालतों. चीन देशांतील वैद्य दीड हजार वर्षांपासून वेलदोडा वापरीत आले आहेत असें वाचलें म्हणजे आपली मान थोडी ताठ होते. आमचीही झाली होती. परंतु अधिक खोल गेल्यावर जें दिसलें तें आमच्या अभिमानास फारसें पोषक नव्हतें. मात्र त्याहून पुष्कळ बोधप्रद होतें. तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचा घोळ उलगडला पाहिजे. चिनी भाषेंत ‘तौखौ’ असा एक शब्द आहे आणि इंग्रजी ग्रंथांतून त्याचें भाषांतर बहुधा वेलदोडा असें होतें. पण तौखौ ही एक वस्तु नव्हे, तें एक कुळ आहे. ‘श्वेत तौखौ’ हें कंबोज व जावा या बाजूंचें गोल, पांढुरक्या सालीचें फळ. ‘तृण तौखौ’ हें दक्षिण चीन व हैनान बेट येथील कुलिंजनाच्या जातीच्या झाडाचें बीं. ‘रक्त तौखौ’ हें खुद्द मोठ्या कुलिंजनाचें तांबडें फळ. आणि ‘मांसल तौखौ’ म्हणजे तर चक्क आपलें जायफळ, ज्याचा वेलदोड्याशीं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें कांहींच संबंध नाहीं. याशिवाय तौखौ हें नांव न लावणारे, पण त्याच कुळांतले तिघे आहेत: ‘शा-रेन’, ‘त्साओ-क्वो’ आणि ‘ई-ची’. या सर्व मंडळींत मलबारी वेलदोड्याचें स्थान कोठें, असें विचारल्यास उत्तर असें कीं, चिनी वैद्यांच्या मुख्य औषधांत तो नाहींच. त्यास ‘लहान तौखौ’ असें म्हणतात. तो पाहुणा आहे, घरचा नव्हे. चिनी वैद्यकांतला वेलदोडा हा आपल्या वेलदोड्याचा चुलतभाऊ आहे, मुलगा नव्हे.

चिनी ग्रंथांत तौखौचा जुना उल्लेख ‘मिंग-यी पिए-लू’ या औषधिसंग्रहांत येतो. या संग्रहाशीं ताओ हुंगचिंग (इ. स. 456–536) या पंडिताचें नांव जोडलेलें आहे. तेथें तौखौचें उत्पत्तिस्थान ‘दक्षिण समुद्र’ म्हणजे आजच्या क्वांगतुंगकडील मुलूख असें सांगितलें आहे. त्या काळच्या उत्तरेकडील चिनी माणसास हा दक्षिणेचा प्रदेश जवळजवळ परदेशच होता: उष्ण, दमट, तापानें भरलेला. आणि नेमकी हीच गोष्ट या फळांच्या औषधी उपयोगाच्या मुळाशीं आहे. चिनी वैद्यकाच्या मतें बाहेरचा दमटपणा शरीरांत शिरतो, प्लीहा व जठर यांस जड करतो, अन्न पचूं देत नाहीं, छातींत दाटी आणतो, जिभेवर पांढरा थर चढवितो. या ओलाव्यावर उपाय म्हणजे उष्ण, तिखट आणि सुगंधी द्रव्य. सुगंध हा वर उठणारा व पसरणारा. म्हणून तो आंत सांचलेलें जड तें हलवितो, अशी त्यांची उपपत्ति. ज्या दमट रानांत रोग उपजतो त्याच रानांत त्याचें औषधही उगवतें, हा विचार आपल्याकडील माणसासही परका वाटूं नये.

हीं फळें केवळ चीनच्या दक्षिणेसच होतीं असें नव्हे. नालंदा येथें अध्ययन केलेला प्रसिद्ध यात्रेकरू इत्सिंग इ. स. 691 च्या सुमारास श्रीविजयाच्या राज्यांत राहून आपला ग्रंथ लिहीत होता. त्यांत हिंदुस्थानच्या वैद्यकाचें वर्णन करतांना तो सांगतो कीं, तीन प्रकारचे तौखौ द्वारावतींत, म्हणजे आजच्या सयाम देशांत, होतात. पुढें थांग काळांतील चेन त्सांग-ची या वैद्यानें इ. स. 739 मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत श्वेत तौखौ ‘क्यागूलो’ नांवाच्या देशाहून येतो असें म्हटलें आहे. अरबी भाषेंत वेलदोड्यास ‘काकुला’ म्हणतात. आणि आपल्या संस्कृतांत ‘कक्कोल’ अथवा ‘तक्कोल’ हें एका सुगंधी फळाचें नांव आहे, जें आज आपण कंकोळास लावतों. टॉलेमीच्या भूगोलांत मलाया द्वीपकल्पाच्या बाजूस ‘ताकोला’ नांवाचें व्यापारी बंदर आहे. आणि राजेंद्र चोळानें 1025 सालच्या आरमारी स्वारींत जिंकलेल्या स्थळांच्या यादींत ‘तलैत्तक्कोलम्’ हें नांव तंजावरच्या शिलालेखांत कोरलेलें आहे. या सर्व नांवांच्या मुळाशीं एकच सुगंधी व्यापार असावा असा विद्वानांचा तर्क आहे. बंदरावरून फळास नांव मिळालें कीं फळावरून बंदरास, हा वाद आम्ही भाषाशास्त्रज्ञांवर सोंपवितों. आमच्या कामापुरतें इतकें पुरे कीं, चिनी, अरब, तामीळ आणि मलायी व्यापारी ज्या समुद्रावर एकमेकांस भेटत त्या समुद्रावर हें फळ फिरत होतें, आणि त्यावर कोणा एकाची मालकी नव्हती.

सुंग राजवंशाच्या काळीं (960–1279) हा व्यापार शिगेस पोंचला. क्वांगचौ येथें 971 मध्यें व च्वानचौ येथें 1087 मध्यें सागरी व्यापाराची सरकारी कचेरी स्थापन झाली. च्वानचौच्या कचेरीवरील अधिकारी चाउ जूक्वा यानें 1225 मध्यें परदेशांचें व त्यांच्या मालाचें एक वर्णन लिहिलें. त्यांत श्वेत तौखौ कंबोज व जावा येथून येतो आणि सर्वांत अधिक कंबोजांतून येतो अशी नोंद आहे. 1296–97 मध्यें चिनी वकिलातीबरोबर अंगकोरला गेलेला चौ ता-क्वान लिहितो कीं, हें पीक डोंगरांत राहणारे रानटी लोक काढतात. त्या डोंगरांस आजही ‘क्रवान्ह’ म्हणजे वेलदोड्याचे डोंगर म्हणतात. राजधानीतल्या नाजूक प्रकृतीच्या धनिकासाठीं काढा उकळत असे. पण त्यांतलें फळ वेंचणारे हात कोणा अनाम डोंगरी माणसाचे होते, हें आपण विसरूं नये.

याच सुंग काळांत दुसरी एक घटना घडली. वांग आनशी याच्या सुधारणांच्या काळीं, 1076 मध्यें, राजधानी खायफंग येथें सरकारी औषधालय निघालें. तेथें तयार चूर्णें व गोळ्या विकत मिळूं लागल्या. या औषधालयाच्या पाठांचा संग्रह वेळोवेळीं वाढत जाऊन 1151 च्या सुमारास त्यास राजमान्य रूप आलें. अखेरच्या आवृत्तींत सुमारें 788 पाठ आहेत. परदेशी सुगंधी द्रव्यें मुबलक येत होतीं. सरकार त्यांवर उत्पन्न मिळवीत होतें. आणि सरकारी औषधांत तींच द्रव्यें सढळ हातानें पडत होतीं. प्रजेची सोय झाली यांत संशय नाहीं. खेडेगांवांतल्या माणसासही वैद्याचें तोंड न पाहतां औषध मिळूं लागलें. परंतु वैद्याचें तोंड न पाहतां मिळणाऱ्या औषधाचा जो धोका असतो तोही त्याबरोबर आला. चूर्ण तेंच, रोगी मात्र निरनिराळे.

या धोक्याविरुद्ध ज्यानें आवाज उठविला त्याची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. चू तान्शी (1281–1358) हा चच्यांग प्रांतांतील विद्वान. तो तीस वर्षांचा असतां त्याची आई पोटाच्या व्याधीनें अंथरुणास खिळली आणि वैद्यांनीं हात टेकले, तेव्हां तो वैद्यकाकडे वळला. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत तो लिहितो कीं, वडील, दोन चुलते, धाकटा भाऊ आणि पत्नी यांस आपण चुकीच्या औषधांपायीं गमावलें, आणि तें दुःख आंवरत नाहीं. अशा माणसानें सरकारी पाठसंग्रहावर टीकाग्रंथ लिहिला तो पांडित्य मिरविण्यासाठीं नव्हे. त्याचें म्हणणें असें: मनुष्यशरीरांत उष्णतेचा अंश सहज वाढतो, शीतल रसाचा अंश सहज आटतो, मग सुगंधी, उष्ण, कोरडीं द्रव्यें सरसकट सर्वांस कां देतां? ज्याचा रस आधींच आटला आहे त्यास तीं विषासमान होतील. वेलदोड्याच्या कुळावर त्याचा राग नव्हता. विचार न करतां तें वापरण्यावर होता. एखादी वस्तु सुगंधी आहे, महाग आहे, दूर देशाहून आली आहे आणि सरकारी शिक्क्यानें विकली जाते, एवढ्यानें ती प्रत्येकास हितकर ठरत नाहीं, हा त्याचा उपदेश आजही शिळा झालेला नाहीं.

घरगुती वापरांत मात्र हें फळ सौम्य रूपानें आलें. सुंग काळीं चहाशिवाय ‘पक्व जल’ नांवाचें एक पेय प्रचारांत होतें. उकळत्या पाण्याच्या भांड्यांत सुगंधी पानें किंवा फळें टाकून झांकण घट्ट लावीत आणि थोड्या वेळानें पीत. श्वेत तौखौचीं टरफलें एका वेळीं सात पुरेत, अधिक टाकल्यास वास गढूळ होतो, अशी बारीक सूचना त्या काळच्या गृहोपयोगी पुस्तकांत आढळते. आपल्याकडे वेलदोड्याचीं टरफलें चहांत टाकणाऱ्या काटकसरी गृहिणीस ही सूचना वाचून हंसूं येईल. त्याच युगांतील श्रेष्ठ कवयित्री ली छिंगचाओ (जन्म 1084) हिनें आपल्या एका आजारानंतरच्या कवितेंत चहाऐवजीं तौखौचा काढा घेतल्याचें म्हटलें आहे. त्याआधींचा थांग काळांतील कवि तू मू (803–852) यानें एका तेरा वर्षांच्या नर्तिकेस तौखौच्या कळीची उपमा दिली. तेव्हांपासून चिनी भाषेंत ‘तौखौचें वय’ म्हणजे मुलीचें बालपण सरून तारुण्य उमलण्याची वेळ असा अर्थ रूढ झाला आहे. औषधाच्या दुकानांतून काव्यांत आणि काव्यांतून रोजच्या बोलण्यांत असा या फळाचा प्रवास झाला.

आतां या कुळांतील मुख्य मंडळींचीं कामें पाहूं. शा-रेन हें सर्वांत मानाचें. क्वांगतुंग प्रांतांतील यांगछुन येथील शा-रेन उत्तम मानितात. मोठ्या आंवळ्याहूनही लहान, कांटेरी सालीचें हें फळ. आंत काळसर दाण्यांचा घट्ट गोळा. अन्न न पचणें, पोट फुगणें, ओकारी, अतिसार यांवर तें देतात. पण त्याचें विशेष काम म्हणजे गर्भिणीचें रक्षण. गरोदरपणांत ओकारीनें व पोटाच्या अस्वस्थपणानें स्त्री हैराण झाली आणि गर्भ ‘अशांत’ वाटूं लागला म्हणजे वैद्य शा-रेनची योजना करितात. ‘सहा सज्जनांचा काढा’ या नांवाचा एक प्रसिद्ध पाठ आहे. त्यांतील सहा सौम्य द्रव्यांस शा-रेन व कोष्ठ यांची जोड देऊन अशक्त, अरुचि झालेल्या रोग्यास तो देतात. यांतलें कोष्ठ काश्मीरच्या पहाडांत होणारें आणि फार काळापासून हिंदुस्थानांतून चीनकडे जाणारें. म्हणजे वेलदोडा जरी आपला नसला तरी त्याच्या शेजारीं बसलेला सोबती आपला आहे.

शा-रेनचें आणखी एक काम आम्हांस फार सूचक वाटतें. ‘ती-ह्वांग’ नांवाचें एक पौष्टिक मूळ आहे. शिजवून तें काळें, गोड आणि चिकट होतें. बल देण्यास उत्तम, पण पचावयास जड. म्हणून तें शा-रेनच्या चूर्णाबरोबर सिद्ध करितात, म्हणजे पोटास तें बाधत नाहीं. आपल्याकडे बासुंदींत वेलदोडा घालण्याचें कारण विचारलें तर ‘स्वादासाठीं’ असें उत्तर मिळेल. पण जड गोड पदार्थास हलकें करणारा सुगंध हवा, हा हेतु त्याच्या मागें असावा असें ही तुलना करतांना मनांत येतें.

श्वेत तौखौचें काम छातीच्या व जठराच्या मध्यें. छिंग काळांतील वू चूथुंग (1758–1836) या वैद्याचा ‘तीन मगजांचा काढा’ प्रसिद्ध आहे. पावसाळी दिवसांत अंग जड, दुपारनंतर ताप, तहान नाहीं, अशा ज्वरांत तो तीन बिया योजितो: जर्दाळूच्या बीचा मगज शरीराचा वरचा भाग मोकळा करावयास, श्वेत तौखौ मधला भाग हलवावयास, आणि ‘यी-यी’ नांवाचें एक धान्य खालच्या वाटेनें ओलावा काढून टाकावयास. घाम काढण्याची किंवा जुलाब देण्याची घाई करूं नये, असा त्याचा कटाक्ष आहे.

त्साओ-क्वो हें युनानकडील मोठें, तांबूस, उग्र वासाचें फळ. दिसण्यांत व गुणांत आपल्या मसाल्याच्या मोठ्या वेलदोड्याचें सख्खें भावंड. मलेरियासारख्या थंडीतापांत याचा उपयोग करीत. अशा तापावर ‘छांग-शान’ नांवाचें एक मूळ खरोखर गुणकारी होतें, पण त्यानें भयंकर ओकारी होई. म्हणून ‘सात रत्नांच्या पेयां’त त्याच्या जोडीस त्साओ-क्वो व इतर पोट सांवरणारीं द्रव्यें घालीत. 1641 मध्यें मिंग राज्याच्या अनेक प्रांतांत महामारीनें थैमान घातलें. जुन्या ग्रंथांतले थंडीच्या तापाचे पाठ निरुपयोगी ठरले. तेव्हां वू यौखो या वैद्यानें 1642 मध्यें एक स्वतंत्र ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, ही साथ थंडीवाऱ्यानें होत नाहीं. एक विशिष्ट दूषित तत्त्व नाकातोंडावाटें आंत शिरून शरीराच्या आंतबाहेरच्या सीमेवर दडून बसतें. त्यास हुसकून लावण्यास त्यानें जो काढा योजिला त्याचे तीन मुख्य घटक म्हणजे सुपारी, एका झाडाची साल आणि त्साओ-क्वो. सुपारीच्या वजनाच्या एक चतुर्थांश त्साओ-क्वो, असें त्यानें प्रमाण दिलें आहे. आपल्या विड्यांत सुखानें एकत्र नांदणारी सुपारी-वेलदोड्याची जोडी तेथें मरणाच्या दारांत एकत्र उभी केलेली पाहून मन क्षणभर थबकतें. तो काढा आजच्या शास्त्राच्या कसोटीस उतरेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रेतांचा खच पडत असतां जुना ग्रंथ बाजूस सारून डोळ्यांनीं पाहिलेल्या रोग्यांवर विश्वास ठेवणारा वैद्य कोणत्याही देशांत वंदनीयच होय.

राहिलें ई-ची. या नांवाचा अर्थ ‘बुद्धिवर्धक’. हैनान बेटावरील हें फळ लघवी न आंवरणें, लाळ गळणें यांवर देतात. त्याची एक गोष्ट मौजेची आहे. इ. स. 405 च्या सुमारास लू श्युन नांवाच्या बंडखोरानें क्वांगचौ बळकावल्यावर सेनापति ल्यू यू यास ई-ची घातलेलीं पक्वान्नें नजर केलीं. म्हणजे, ‘तुला थोड्या बुद्धीची गरज आहे.’ सेनापतीनें उलट ‘आयुष्य लांबविणारा काढा’ पाठविला. म्हणजे, ‘तुला आयुष्याची गरज पडेल.’ पुढें थोड्याच वर्षांत पराभूत बंडखोरानें जीव दिला आणि कालांतरानें सेनापति सम्राट झाला. औषधांच्या नांवांनीं केलेला इतका नेमका पत्रव्यवहार आमच्या वाचनांत दुसरा नाहीं.

ली शिचन (1518–1593) यानें 1578 मध्यें पुरा केलेला व 1596 मध्यें छापलेला ‘पन्त्साओ कांगमू’ हा महाग्रंथ 1892 द्रव्यांचें वर्णन करतो. त्यांत तौखौ, श्वेत तौखौ, शा-रेन व ई-ची हीं सुगंधी वनस्पतींच्या वर्गांत एकत्र बसविलीं आहेत. त्याच शतकांत आपल्याकडे भावमिश्र ‘भावप्रकाश’ लिहीत होता आणि त्यानेंही वेलदोड्यास कर्पूरादि सुगंधी वर्गांत घातलें. दोघांनीं एकमेकांचें नांव ऐकलें असण्याचा संभव नाहीं. तरी विचाराची दिशा किती जवळची! आणि एके ठिकाणीं किती निराळी! भावमिश्राच्या मतें बारीक वेलदोडा शीत, मोठा वेलदोडा उष्ण. चिनी वैद्य आपल्या सर्व कुळास उष्णच मानतो. आम्हांस वाटतें कीं, यांत विरोध नाहीं. दोघांच्या हातांत फळें निराळीं होतीं, आणि त्साओ-क्वोसारख्या मोठ्या फळाबद्दल दोघांचें एकमत आहे.

आजचें रसायनशास्त्रही याच फरकाकडे बोट दाखवितें. श्वेत तौखौच्या व मलबारी वेलदोड्याच्या तेलांत निलगिरीच्या तेलांतलें सिनिओल विपुल असतें. शा-रेनच्या तेलांत कापराच्या जातीचीं द्रव्यें अधिक. हीं तेलें वाफेबरोबर उडून जातात. म्हणूनच हीं फळें ऐनवेळीं ठेंचून काढा उतरविण्याच्या आधीं कांहीं मिनिटेंच टाकावीं, असा चिनी वैद्यांचा नियम आहे. मात्रा साधारण 3 ते 6 ग्रॅम. शा-रेनच्या फुलाची रचना अशी कीं, कीटकांकडून परागसंयोग क्वचितच नीट होतो. म्हणून मळ्यांत माणसें एकेक फूल हातानें फळवितात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तर 2018 मध्यें या कुळाची नव्यानें वांटणी करून शा-रेन, श्वेत तौखौ व त्साओ-क्वो यांचीं शास्त्रीय नांवें बदललीं. नांवाचा घोळ अद्याप संपलेला नाहीं!

मग आपल्या वेलदोड्याचें काय? तो चीनच्या मैदानांत मानाचा झाला नाहीं. पण हिमालयाच्या वाटेनें त्याचें नांव मात्र गेलें. तिबेटी वैद्यकांत सहा श्रेष्ठ औषधें सांगितलीं आहेत. त्यांत ‘सुग्मेल’ व ‘काकोला’ हीं दोन आहेत. पहिलें म्हणजे आपलें ‘सूक्ष्मैला’, दुसरें म्हणजे ‘कक्कोल’. एक मूत्रपिंडांसाठीं, दुसरें प्लीहेसाठीं. जायफळास तेथें ‘जाती’च म्हणतात. आपल्या पूर्वजांचे शब्द तेथल्या वैद्यांच्या तोंडीं आजही आहेत.

तेव्हां आमचा अभिमान सर्वस्वीं खोटा ठरला नाहीं. त्याची जागा मात्र बदलली. फळ कोणाचें, हा प्रश्न आम्हांस आतां पूर्वीइतका महत्त्वाचा वाटत नाहीं. दमट हवेंत पोट बिघडलेल्या माणसास दिलासा मिळावा म्हणून चीन, कंबोज, तिबेट आणि हिंदुस्थान येथील माणसांनीं आपापल्या रानांत शोध केला आणि प्रत्येकास त्याच कुळांतलें एकेक फळ सांपडलें, ही गोष्ट एकट्याच्या मालकीहून मोठी आहे. आणि तें फळ केव्हां द्यावें याइतकेंच केव्हां देऊं नये हेंही शिकावें लागतें, हें चू तान्शीनें आप्तांच्या चितांवरून परतून शिकविलें. पुढच्या वेळीं विडा उघडून वेलदोडा दांतांखालीं फोडतांना या दूरच्या चुलतभावांची वाचकांस आठवण झाली, तर या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.